तुरुंगातून सुटल्यावर पुढे काय?



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर वाचून कित्येकांना थोडे आश्चर्य वाटले असेल. वसंत व्याख्यानमालेत कारागृहाचे नाव निघाले म्हणजे आपल्या मनात लोकमान्य उभे राहतात. 1914 च्या जून महिन्यात मंडालेचा सहा वर्षांचा तुरुंगवास संपवून ते मध्यरात्री पुण्यात आपल्या वाड्यावर परतले. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. सत्याग्रहातून सुटून आलेल्यांना गावोगाव हारतुरे मिळाले. तुरुंगातून परत आलेल्या माणसाला आपलेसे कसे करावे हे आपल्या समाजाला ठाऊक नाही, असे म्हणता येणार नाही.

आज आम्हांस बोलावयाचे आहे ते मात्र ज्यांच्यासाठी हार घेऊन कोणी येत नाही त्यांच्याविषयी. चोरी, मारामारी, फसवणूक, क्वचित खून, अशा आरोपांवरून आत गेलेला आणि एके दिवशी बाहेर पडलेला साधा माणूस. तो बाहेर येतो त्या दिवशी त्याच्याविषयी सरकारची योजना काय आहे, ती योजना त्याच्यापर्यंत पोचते का, आणि पोचत नसेल तर कोठे अडते, एवढाच आजचा विषय. गुन्हा का घडतो, शिक्षा किती असावी, हे प्रश्न मोठे आहेत. त्यांत आज आम्ही शिरत नाही.

प्रथम हा समुदाय किती मोठा आहे ते पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे 2022 च्या अखेरीस देशातील कारागृहांत 5,73,220 माणसे होती. कारागृहांची एकूण क्षमता 4,36,266 होती, म्हणजे जेथे शंभरांची सोय तेथे सुमारे 131 माणसे दाटीने राहत होती. या साऱ्यांपैकी 4,34,302 जण ‘कच्चे कैदी’ होते. सरकारी भाषेत त्यांना न्यायाधीन बंदी म्हणतात. त्यांचा खटला चालू असतो, गुन्हा सिद्ध व्हावयाचा असतो. चारांपैकी तीन माणसे या वर्गातली. शिक्षा झालेले, म्हणजे ‘पक्के कैदी’, 1,33,415 होते. हे आकडे आम्ही मुद्दाम सावकाश सांगत आहोत, कारण पुढच्या साऱ्या विवेचनाचा पाया तेच आहेत.

या माणसांपैकी जवळजवळ प्रत्येकजण बाहेर येणार आहे. ज्या गुन्ह्याला फाशीचीही शिक्षा होऊ शकते अशा गुन्ह्यात जन्मठेप झाली, तर चौदा वर्षांच्या आत माफी देऊन सोडता येत नाही असा कायदा आहे. पण चौदा वर्षांनंतर का होईना, त्यांतलेही पुष्कळजण सुटतात. तेव्हा ‘त्यांना सोडावे की नाही’ हा प्रश्न बहुतेकांच्या बाबतीत निघतच नाही. ती माणसे आपल्याच गावात, आपल्याच आळीत परत येणार आहेत. ती कशी यावीत एवढेच ठरविणे आपल्या हाती आहे.

माणूस आत गेला की बाहेरचे त्याचे आयुष्य जागच्या जागी थांबून राहत नाही, ते मोडत जाते. भाड्याची खोली जाते, कारण भाडे भरणारा नसतो. नोकरी तर पहिल्या आठवड्यातच जाते. बायको मुलांना घेऊन माहेरी जाते किंवा चार घरची धुणीभांडी धरते. आधार कार्ड, बँकेचे पुस्तक, शाळेचा दाखला कोठे तरी हरवतात. मोबाइलचा नंबर बंद पडतो, आणि आजच्या दिवसांत नंबर गेला म्हणजे बँकेचा व्यवहारही अडतो. वर्ष-दोन वर्षांनी हा माणूस फाटकाबाहेर उभा राहतो तेव्हा आपण कोण हे सिद्ध करणारा कागदही कित्येकदा त्याच्यापाशी नसतो. शिक्षा भोगून सुटणाऱ्याला घरापर्यंतचे गाडीभाडे द्यावे अशी तरतूद तुरुंगाच्या नियमांत आहे. पण घरच उरले नसेल तर भाडे कोठपर्यंतचे द्यावयाचे, याचे उत्तर नियमांत सापडत नाही.

अशा माणसाकडे पहिल्या रात्री कोण येते? जुने सोबती येतात. त्यांना त्याच्या सुटकेचा दिवस ठाऊक असतो, ते चहा पाजतात, झोपायला जागा देतात, खर्चाला पैसे देतात, आणि त्याची किंमत पुढे वसूल करतात. ज्या कामासाठी सरकारने माणूस नेमावयाचा ते काम गुन्हेगारांच्या टोळ्या बिनबोभाट करीत असतात, हे कटू असले तरी समजून घेतले पाहिजे.

मग सरकारने या गोष्टीचा विचार केलाच नाही काय? अनेक वेळा केला आहे. 1894 च्या तुरुंग कायद्याची दृष्टी शिस्त, कोठड्या आणि शिक्षा यांपुरतीच होती. पण 1919-20 च्या भारतीय तुरुंग समितीने, सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखाली, माणूस सुधारणे हा कारागृहाचा हेतू मानला आणि सुटलेल्यांना मदत करण्याचा प्रश्नही हाताळला. मुंबई इलाख्याने 1938 सालीच परिवीक्षेचा कायदा केला, म्हणजे पहिल्या लहान गुन्ह्यासाठी माणसाला तुरुंगात न धाडता देखरेखीखाली घरी ठेवण्याची वाट मोकळी केली. केंद्राचा तसा कायदा 1958 साली आला. 1951-52 मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ डॉ. वॉल्टर रेकलेस यांनी आपल्या देशातील तुरुंगांचा अभ्यास केला. 1954 साली केंद्रीय समाजकल्याण मंडळाने डॉ. मा. स. गोरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, ती केवळ याच विषयासाठी, म्हणजे संस्थांतून बाहेर पडणाऱ्यांच्या पुढच्या सांभाळासाठी. त्यानंतर 1960 ची आदर्श नियमावली, 1980 ते 1983 ची न्यायमूर्ती मुल्ला समिती, 2003 आणि 2016 च्या नव्या नियमावल्या, आणि 2023 चा केंद्राने राज्यांपुढे ठेवलेला आदर्श कारागृह कायदा. या कागदांवर सुटकेनंतरच्या साहाय्याचा विचार पुनःपुन्हा येतो. शंभर वर्षे आपण हे लिहीत आलो आहोत.

मग माणूस फाटकापाशी एकटा का उभा राहतो? आमच्या मते याची कारणे मुख्यतः दोन आहेत.

पहिले कारण असे की, फाटकाच्या आतला माणूस एका खात्याचा आणि बाहेरचा दुसऱ्या खात्याचा. आपल्या राज्यात कारागृहे गृहखात्याकडे आहेत. परिवीक्षा अधिकारी आणि सुटलेल्यांना धंद्यासाठी साहाय्य देण्याची योजना महिला व बालविकास खात्याकडे आहे. घर, रेशन, रोजगार, दवाखाना यांसाठी आणखी निराळी खाती आणि निराळ्या खिडक्या. प्रत्येक खाते आपापल्या हद्दीत बरोबर असते. पण फाटकाचा उंबरठा कोणाच्याच हद्दीत येत नाही. तुरुंगाधिकाऱ्याने माणूस मोजून बाहेर सोडला की त्याचे काम पुरे झाले; परिवीक्षा अधिकाऱ्याला तो सुटल्याचे कळलेलेच नसते. एखादे मूल एका शाळेतून काढून दुसऱ्या शाळेत घालावयाचे असले तरी एक दाखला इकडून तिकडे जातो. इथे माणूस जातो, दाखला जात नाही.

दुसरे कारण अधिक खोल आहे, आणि त्याकडे आमच्या समजुतीप्रमाणे पुरेसे लक्ष गेलेले नाही. आजवरच्या बहुतेक योजना पक्क्या कैद्यासाठी रचलेल्या आहेत. त्याची सुटकेची तारीख आधी ठाऊक असते, माफीचे दिवस वजा करता येतात, सुटकेपूर्वी काही महिने तयारी करता येते. पण चारांपैकी तीन माणसांना तारीखच नसते. कच्च्या कैद्याला दुपारी न्यायालयात जामीन मिळतो, आदेश संध्याकाळी कारागृहात पोचतो आणि रात्री तो बाहेर असतो. किंवा आदेश मिळूनही तो बाहेर येत नाही, कारण जामीनदार नाही, रक्कम नाही. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाबाहेर जामिनाचे आदेश टाकण्यासाठी पेटी असते आणि ती ठरलेल्या वेळी उघडतात, हे 2021 साली एका गाजलेल्या प्रकरणामुळे साऱ्या देशाला कळले. त्या पेटीत कागद वेळेवर न पडल्याने कित्येक अनामिक माणसांनी एकेक रात्र अधिक आत काढली असेल. त्याची बातमी झाली नाही.

या बाबतीत अलीकडे काही चांगली पावले पडली आहेत, तीही सांगितली पाहिजेत. 31 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृहात जावा, आणि आदेशानंतर सात दिवसांत माणूस सुटला नाही तर कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे. त्याच वर्षी केंद्राने गरीब बंद्यांसाठी योजना केली. तीत आरंभी जामिनासाठी 40,000 रुपयांपर्यंत आणि दंडासाठी 25,000 रुपयांपर्यंत मदत ठरविलेली होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे, ज्याच्यावर पूर्वी गुन्हा शाबीत झालेला नाही अशा कच्च्या कैद्याने संभाव्य कमाल शिक्षेचा तिसरा हिस्सा आत काढला की त्याला सोडावे, असा नियम झाला आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले यांना तो लागू नाही. या साऱ्यांनी दार लवकर उघडेल. परंतु दार उघडल्यावर पहिल्या रात्री तो कोठे निजणार, हा प्रश्न तसाच राहतो.

आता आपल्याच मुलखातील एका प्रयोगाकडे वळू. तयारी म्हणजे काय हे त्यावरून कळते. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत आहे. 1939 साली, आटपाडी औंध संस्थानात असताना, ती सुरू झाली. राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी, त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत, आणि भारतानंद या नावाने ओळखले जाणारे पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांचा त्यामागे विचार होता. भिंत नाही. बंदी आपल्या बायकामुलांसह लहान घरांत राहतात आणि शेती करतात. याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांची कथा आणि 1957 साली शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट झाला. चित्रपट आपण सर्वांनी पाहिला, डोळे पुसले. पण त्यातला व्यवहार आपण शिकलो का, हा प्रश्न आहे.

तो व्यवहार असा. तेथे माणसाचे कुटुंब तुटत नाही. हाताला नित्याचे काम असते. विश्वासाची मात्रा हळूहळू वाढविली जाते. एका दिवसात कोठडीतून मोकळ्या रस्त्यावर आणून सोडले जात नाही. आपल्याकडील संचित रजा आणि अभिवचन रजा, म्हणजे फर्लो आणि पॅरोल, यांमागचे तत्त्वही हेच आहे. माणसाने अधूनमधून घरी जावे, मुलांनी बाप विसरू नये, बापाने जग विसरू नये. रजा म्हणजे चैन असा आपला समज असतो. वास्तविक ती सुटकेची रंगीत तालीम असते. स्वतंत्रपुराची मर्यादाही मान्य केली पाहिजे. तेथे जाणारे थोडे, निवडलेले, लांबच्या शिक्षेतला बराच भाग भोगलेले. कच्च्या कैद्याला तेथे जागा नाही. तेव्हा सर्वांसाठी स्वतंत्रपूर उभारता येणार नाही. पण त्यातली तीन तत्त्वे, कुटुंब, काम आणि क्रम, ही साऱ्यांना देता येतील.

2022 साली येरवड्यात सुरू झालेली एक योजना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने बंद्यांना 50,000 रुपयांपर्यंत कर्ज 7 टक्के व्याजाने देण्याचे ठरविले. परतफेड कारागृहात मिळणाऱ्या मजुरीतून. त्या पैशातून मुलाची फी भरावी, वकील द्यावा, घराचे छप्पर दुरुस्त करावे. रक्कम लहान आहे. परंतु आत असतानाही माणूस घराचा कर्ता राहू शकतो, ही कल्पना मोठी आहे. कर्ता म्हणून राहिलेल्या माणसाला परत येण्यासाठी घर शिल्लक असते.

तर नियोजन कसे असावे? आम्हांस सुचते ते थोडक्यात सांगतो. सुटकेची तयारी माणूस आत येतो त्या दिवशी सुरू झाली पाहिजे. आत येताच त्याच्या अंगावरच्या वस्तूंची नोंद होते. त्याच वेळी त्याच्या कागदपत्रांची, खोलीची, मालकाची, घरी कोण उपाशी राहील त्याची नोंद व्हावी, आणि ती परिवीक्षा अधिकाऱ्याकडे जावी. कच्च्या कैद्याची प्रत्येक तारीख ही सुटकेची तारीख ठरू शकते असे समजून त्याचा कागद तयार असावा. फाटकाबाहेर, आणि जिल्हा न्यायालयाच्या आवारातही, एक खोली असावी. तेथे एक माणूस बसावा, एक फोन असावा, रात्रीपुरत्या निवाऱ्याचा पत्ता असावा, औषधाची चिठ्ठी पुढे चालू ठेवण्याची सोय असावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, जिल्ह्यात एका अधिकाऱ्याचे नाव ठरलेले असावे. सुटल्यापासून पहिले तीन महिने ‘हा माणूस माझा’ असे त्याला म्हणावे लागले पाहिजे. स्त्रियांच्या बाबतीत तर हे दुपटीने खरे. पुरुषाची वाट पाहणारी बायको कधी तरी असते. तुरुंगात गेलेल्या बाईला मात्र सासर आणि माहेर दोन्ही दारे बंद झालेली असतात, आणि कित्येकदा कडेवर मूल असते.

हे स्वप्नरंजन नव्हे. नॉर्वेने 2005 च्या सुमारास अशी हमी जाहीर केली की, घर, काम, शिक्षण, उपचार यांपैकी ज्यावर नागरिक म्हणून माणसाचा हक्क आहेच, त्याची जुळणी तो सुटण्यापूर्वी व्हावी. नवा हक्क दिला नाही. असलेले हक्क वेळेवर पोचविण्याचे काम अंगावर घेतले. इंग्लंडने 2023 साली एक छोटासा कायदा केला. शुक्रवारी सुटणाऱ्याला सारी कार्यालये दोन दिवस बंद सापडतात, म्हणून गरज असेल तेथे त्याला एक-दोन दिवस आधी सोडता यावे, एवढाच तो कायदा. नियोजन हे अशा बारकाव्यांत असते. आपल्याकडे टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ या उपक्रमाने 1990 पासून कारागृहात आणि न्यायालयात समाजकार्यकर्ते बसवून हेच काम करून दाखविले आहे. करता येते हे सिद्ध झाले आहे. आता ते एखाद्या संस्थेच्या दयेवर न राहता सरकारच्या अंदाजपत्रकात आले पाहिजे.

येथे कोणी विचारील, आणि विचारणे रास्त आहे, की प्रामाणिक माणसाचा मुलगा पदवी घेऊन बेकार हिंडतो, तर गुन्हा केलेल्याला काम का द्यावे? आणि ज्याचे घर लुटले गेले, ज्याचा माणूस गेला, त्याचे काय? त्या दुसऱ्या प्रश्नापुढे आम्ही मान लववितो. गुन्ह्याने पोळलेल्याचा हक्क पहिला आहे. कायद्यात त्याच्या भरपाईची तरतूद आहे, आणि बंद्याच्या मजुरीतला काही भाग त्याच्याकडे जावा असे सर्वोच्च न्यायालयाने 1998 साली सांगितले. ते सारे नीट अमलात यावे. पण सुटलेल्याला उपाशी ठेवल्याने लुटलेल्याचे घर भरत नाही. उलट आणखी एखादे घर लुटले जाण्याची भीती वाढते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, येथे कोणी राखीव नोकरी मागत नाही. रांगेत उभे राहू द्यावे, एवढेच मागणे आहे. शिवाय हे विसरू नये की, चारांतल्या तिघांचा गुन्हा शाबीतच झालेला नव्हता, आणि त्यांतले कित्येक पुढे निर्दोष ठरणार आहेत.

शिक्का किती काळ टिकतो याचा अनुभव महाराष्ट्राला आहे. 1871 च्या कायद्याने कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात ठेवले. 1952 साली तो कायदा गेला, त्या जमाती विमुक्त झाल्या. तरीही तुरुंगाच्या नियमावल्यांत जातीवरून कामे वाटण्याचे आणि या जमातींकडे संशयाने पाहण्याचे नियम राहिले होते. ते सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 रोजी रद्द केले. कुंपण काढल्यावर बहात्तर वर्षांनी कागदावरची तार निघाली. मनातली केव्हा निघणार, ते आपल्यावर आहे.

म्हणून शेवटी बोलणे आपल्यापाशी येते. सरकारने कितीही चांगली योजना केली तरी खोली सरकार भाड्याने देत नाही, आपण देतो. गॅरेजमध्ये, दुकानात, बांधकामावर माणूस आपण ठेवतो. शाळेत त्या मुलाच्या शेजारी आपले मूल बसते आणि घरी येऊन त्याच्या बापाविषयी विचारते. त्याला काय उत्तर द्यावयाचे ते आपण ठरवितो. न्यायाधीशाने तीन वर्षे सांगितली असतील तर ती तीन वर्षे झाली. त्यावर आणखी तीस वर्षे वाढविण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

या सभागृहातून आपण घरी जाल तेव्हा आमची एवढीच विनंती आहे. आपल्या जिल्ह्याचा परिवीक्षा अधिकारी कोण, त्याच्याकडे किती माणसे सोपविलेली आहेत, त्याला कचेरी तरी धड आहे का, हे एकदा जाऊन विचारावे. नगरपालिकेच्या रात्रनिवाऱ्यात सुटून आलेल्या माणसाला कागद नसला तरी एक रात्र जागा मिळते का, हे नगरसेवकाला विचारावे. असे प्रश्न गावातून येऊ लागले म्हणजे योजना कागदावरून उठते. शंभर वर्षांच्या समित्यांनी जे केले नाही, ते गावोगावच्या नागरिकांनी चार वेळा विचारलेल्या साध्या प्रश्नाने होऊ शकेल, असा आम्हांस भरवसा वाटतो.